कळसूबाईच्या तिसऱ्या शिडीखाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, जिच्याशी रोज फोनवर बोलते त्या मैत्रिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही—आणि तुमचा चेहरा माझ्यासमोर नाही. चेहऱ्यांसमोर मला बोलता येत नाही. लहानपणापासूनच नाही.

कुठून सुरुवात करू? खरं तर गोष्ट दोन-तीन वाक्यांची आहे. मीच बोललेली वाक्यं. ती आत्ता लिहून टाकली तर पुढचं काहीच लिहावं लागणार नाही. पण मग तुम्हाला ती मुलगी दिसणार नाही, आणि ती दिसल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून जरा लांबून येते. की मला लांबूनच यायचंय? असेल तसंही.

मी नवीन पनवेलची. शाळा इंग्लिश मीडियम. घरात मराठी, पण मराठी आकडे मला अजून दगा देतात—एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी आजही अडकते. वर्गात माझी जागा मागच्या बाकावर, खिडकीशी. कुणी मला वाईट म्हटलं नाही, चांगलंही म्हटलं नाही. कॉलेज संपलं आणि मी सहा महिने घरातच बसून राहिले, तेव्हा बाबा एकदा जेवताना म्हणाले, "अगं, माणसांत जा जरा. मोठ्या माणसांत जमत नसेल तर लहान माणसांत जा." आणि त्यांनी मला नाईक सरांकडे पाठवलं.

नाईक सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. दर हिवाळ्यात ते आसपासची वीसेक मुलं गोळा करून त्यांना एका डोंगराची ओळख करून द्यायचे. 'ओळख' हा त्यांचाच शब्द. डोंगरावर नुसतं चढवायचं नाही. पाहुण्यांकडे जाण्याआधी आपण त्यांचं नाव-गाव, नातीगोती विचारतो तसं आधी सगळं विचारून घ्यायचं. चार रविवार एका सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग—दगड कोणता, पाणी कुठं, वारा कुठून, वर कुणाचं देऊळ—आणि त्यानंतर प्रत्यक्ष चढाई. त्या वर्षीचा डोंगर होता कळसूबाई. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर.

माझं काम चित्रं काढायचं. हॉलच्या भिंतीवर मी कागदाला कागद जोडून अख्खा कळसूबाई काढला होता. पायथ्याचं बारी गाव, भातखाचरं, वाट, आणि जिथं कातळ सरळ उभा होतो तिथं लावलेल्या लोखंडी शिड्या. शिड्या मी फार छान काढल्या होत्या. एकेक पायरी, कठड्याचा एकेक गज. मुलं जवळ येऊन मोजायची. तोवर मी कर्नाळा चढले होते, प्रबळगड चढले होते. शिडी कधीच चढले नव्हते. कुणी विचारलंही नाही, आणि मला ते सांगावंसं वाटलं नाही.

हर्षाली पहिल्या रविवारी सगळ्यांत शेवटी आली आणि सगळ्यांत पुढे जाऊन बसली. अकरा वर्षांची, सुकापूरची. बाकीची बहुतेक मुलं आमच्यासारखी बिल्डिंगमधली. ती गावातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतली. मी उंची सांगायला उभी राहिले आणि मराठी आकडा आठवेना. "वन सिक्स फोर सिक्स मीटर्स," मी म्हणाले. ती उठून उभी राहिली. "ताई, मराठीत सांगा ना. सोळाशे शेचाळीस." सगळे हसले. मीही हसले. मग तो नेमच झाला—आकडा आला की मी थांबायचे, हर्षाली ओरडायची. तिच्यामुळे मला त्या हॉलमध्ये बोलता येऊ लागलं. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं का?

सरांचे नियम थोडेच होते. त्यातले दोन तुम्हाला माहीत असायला हवेत. एक—डोंगरात कुणी 'नाही' म्हणालं तर त्याला कारण विचारायचं नाही आणि त्याला आग्रह करायचा नाही. दुसरा—खाली एकट्यानं कुणी उतरायचं नाही. जो 'नाही' म्हणेल, त्याच्याबरोबर रांगेतल्या शेवटच्या मोठ्या माणसानं खाली जायचं, बाकीचे पुढे जातील. त्या शेवटच्या माणसाला मुलं शेपूट म्हणत. मी हळू चालते, सगळ्यांना मोजत चालते, मागे राहायला मला आवडतं—म्हणून शेपूट मी. शेपूट ताई.

पहिला नियम मुलांना समजावून सांगायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं. चारही रविवार मी तेच सांगितलं. भीती वाटली तर सांगायचं. त्यात लाज नाही. जो सांगतो तो शहाणा. बघा—हे मी सांगितलं होतं.

हर्षालीच्या घरून परवानगी मिळेना, म्हणून सरांबरोबर मी सुकापूरला गेले. नव्या इमारतींच्या मध्ये अडकलेलं त्यांचं बैठं घर, दाराशी जास्वंद. तिचे वडील, म्हात्रे काका, न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवायचे. रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल, पण आम्हाला बघून खुर्च्या पुसल्या. सरांनी सगळं सांगितल्यावर त्यांनी खिडकीतून माथेरानच्या रांगेकडे हात केला. "सर, डोंगर तं इथूनच दिसतान. एवढे समोर ठेवलेत देवानं, ते सोडून कळसूबाईला, त्या लांबच्या घोटीकडं कशाला जायाचा?"

"पप्पा, त्यो सगल्यांत मोठा हाय," हर्षाली आतून ओरडली.

"तू गप. सर, ही आंब्याच्या झाडावरून उतरत नाय. हिची आई खाली काठी घेऊन उभी नि ही वर बसून कैऱ्या खाते." बोलताना ते तक्रार करत होते, पण चेहरा सगळा अभिमानाचा. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी असाल ना हिच्या बरोबर?"

मी मान हलवली. मग मान हलवणं पुरेसं नाही असं वाटून म्हणाले, "काका, मी हिच्या मागेच असेन."

होते मी. तिच्या मागेच होते.

डिसेंबरमध्ये एका शनिवारी दुपारी आम्ही निघालो, संध्याकाळी बारीला पोहोचलो, एका घराच्या ओसरीवर झोपलो. सकाळी उजाडता उजाडता चालायला लागलो. थंडी एवढी की मुलांच्या तोंडून वाफ निघत होती आणि त्यांचा तो एक खेळच झाला होता. पायथ्याशी देवीचं आणखी एक देऊळ आहे, तिथं सगळ्यांनी घंटा वाजवली. हर्षालीनं दोनदा. ती मागे थांबून माझ्याबरोबर चालायला लागली. पुढे जायचा दम तिच्यात होता, पण तिला बडबडायला कुणीतरी हवं होतं आणि मी ऐकणारी. वर गेल्यावर काय काय करणार याची तिची यादी चालू होती. देवीला वेणी वाहायची—आईनं दिलेली अबोलीची वेणी तिच्या डब्यात ओल्या रुमालात होती. मग पप्पांना फोन लावायचा. सर म्हणाले होते, वर रेंज येते. फोन लावून फक्त एवढंच म्हणायचं—"पप्पा, मी तुमच्या ट्रेलरपेक्षा उंच हाय."

पहिली शिडी आली. लहानच होती. मुलं हसत-खिदळत चढली. मी हर्षालीच्या टाचांकडे बघत वर गेले. पांढरे कॅनव्हासचे बूट, डाव्या टाचेला निळी शाई. वर पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी श्वासच घेतलेला नाही.

दुसऱ्या शिडीवर मी खाली पाहिलं.

शिडीला पायऱ्या असतात, पण पायरी आणि पायरीच्या मध्ये काहीच नसतं—हे मी कागदावर काढताना मला कसं कळलं नाही? त्या रिकाम्या फटींतून खालचं खाचर दिसलं, कौलं दिसली, एक बैल दिसला, मुंगीएवढा. आणि माझे हात मिटले. मी मिटले नाहीत, ते मिटले. गजाभोवती असे आवळले की मला ते उघडता येईनात. किती वेळ गेला ठाऊक नाही. वरून हर्षालीनं वाकून पाहिलं. "ताई, फोटो काढताव काय?" मी म्हणाले, हो. आणि कशी कोण जाणे, वर गेले. शेपूट असण्याचा हाच फायदा—तुमच्या मागे बघणारं कुणी नसतं.

मग तिसरी. कातळाच्या पोटाला लावलेली, उंच. तिच्याखाली थोडी सपाट जागा होती. सर आणि दुसरे दोघं मोठे मुलांना एकेक करून वर घेत होते. वारा होता. मी कातळाला पाठ लावून बसले आणि मला स्वच्छ कळलं की मी ही शिडी चढू शकणार नाही. चढले तर मध्येच थांबेन, ओरडेन कदाचित, आणि वीस मुलं, सर, सगळे वरून माझ्याकडे बघतील. पडण्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी ती—त्या सगळ्यांच्या बघण्याची.

मी 'नाही' म्हणू शकले असते. नियम मोठ्यांनाही होताच. सरांनी मलाही कारण विचारलं नसतं. चार रविवार मी जे शिकवलं ते एकदा, फक्त एकदा, स्वतःसाठी वापरायचं होतं. पण माझ्या डोक्यात दुसराच नियम आला. जो 'नाही' म्हणेल, त्याच्याबरोबर शेपूट खाली जाईल.

म्हणजे मला कुणीतरी 'नाही' म्हणणारं हवं होतं.

आता ते सांगते. इतका वेळ टाळलं ते हेच.

हर्षाली माझ्याशेजारी उभी राहून पाणी पीत होती. तिचा नंबर शेवटचा. ती शिडीकडे बघत होती आणि पाय एकाजागी नाचवत होती—उतावीळपणानं, भीतीनं नाही. मला फरक कळत होता. मी जन्मभर दुसऱ्यांकडे बघतच आलेय. मला तेवढं कळतं. आणि मी हळूच म्हणाले, "हलतेय ना गं शिडी?"

ती म्हणाली, "नाय. पोरा चढतान ना, म्हनून."

"तुझे हात बघू. घाम आलाय का? ओल्या हातांनी गज सुटतो."

तिनं हात पुसले. फ्रॉकला. मग परत पुसले.

"पायात गोळा नाही ना आला? मध्येच येतो कधी कधी. मध्ये आला की ना वर जाता येत, ना खाली."

मी एकही खोटं बोलले नाही, लक्षात येतंय तुमच्या? सगळे प्रश्न. काळजीचे. आवाज अगदी मऊ, ताईसारखा. दर प्रश्नाबरोबर मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते—आधी ती माझ्याकडे बघून हसली, मग शिडीकडे बघायला लागली, मग शिडीच्या खाली. पाय नाचायचे थांबले. माझी भीती माझ्या अंगातून निघून तिच्या अंगात जाताना मी पाहिली. हे लिहिताना बोटं थांबतायत—पण मी पाहिली. आणि मला हायसं वाटलं.

शेवटी मी म्हणाले, "तुला वाटत असेल तर सांग हं. लाज नाही त्यात."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. "ताई," ती म्हणाली, "मना नाय जायाचा वर."

आणि मी—जिचा आवाज वर्गात कधी तिसऱ्या बाकापर्यंत पोहोचला नाही—मी वर तोंड करून ओरडले, "सर! हर्षाली घाबरली! मी तिला खाली घेऊन जाते!"

कातळावर आदळून तो आवाज परत आला. वर चढलेल्या सगळ्या मुलांनी कठड्यावरून खाली पाहिलं. हर्षालीकडे. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. सर वरून म्हणाले, "काही हरकत नाही बाळा! पुढच्या वेळी!" आणि मला, "सावकाश उतरा. थँक यू हं."

दुसरी शिडी उतरताना मी तिच्यामागे होते आणि कातळाकडे तोंड करून, डोळे मिटून, चाचपडत एकेक पायरी उतरले. ती खाली उभी राहून मला सांगत होती—"ताई, आता डावा पाय. आता उजवा. झाला, झाला." तिला वाटलं असेल मी थकले. मुलं मोठ्यांबद्दल असंच काहीतरी चांगलं समजून घेतात.

खालच्या वाटेवर ती माझ्यापुढे चालत राहिली. एका झापाशी, गवती खोपटाशी, एक आजी सरबत विकत होत्या, तिथं आम्ही बसलो. तिनं ग्लास हातात धरला, प्यायली नाही. मग म्हणाली, "ताई, मला आधी नव्हती वाटत भीती. एकदम कुठून आली?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मी म्हणाले, "होतं असं. कुणालाही होतं."

खालच्या देवळात तिनं ती वेणी वाहिली. घंटा वाजवली नाही.

पुढचं सगळं आपोआप झालं. परतीच्या बसमध्ये मुलांनी 'घाबरट हर्षाली, शेपटाखाली' असं गाणं केलं. सर रागावले, पण गाणं झालं ते झालंच. ती खिडकीबाहेर बघत राहिली. माझ्या ओळखीची जागा होती ती—खिडकीशी.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये पालकांची सभा. सरांनी सगळ्या मुलांना प्रशस्तिपत्रं दिली आणि मग माझं नाव घेतलं. "शिखर डोळ्यांसमोर असताना एका मुलीसाठी जी मागे फिरली," असं काहीतरी म्हणाले. टाळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या. आई रडली. बाबांनी रुमाल काढला. मी खाली बघत उभी राहिले आणि सगळ्यांना वाटलं, किती लाजते बिचारी.

दोन दिवसांनी म्हात्रे काका घरी आले. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा—हातभर लांब मासा, सकाळी खाडीतून काढलेला. आमच्याकडे ज्यांनी हे खाल्लंय त्यांना माहीत आहे, आगरी माणूस जिताडा सहजासहजी कुणाला देत नाही. ते आत येऊन बसले नाहीत. दाराशीच हात जोडले. "मॅडम, तुमी होत्या म्हणून बरा झाला. नाय तं आमच्या पोरीचा काय झाला असता." मग हसून आईला म्हणाले, "झाडावं वाघीन नि शिडीवं मांजर! घरात आता आमी तिला मांजरच बोलतो."

आईनं तो जिताडा तळला. मी खाल्ला. दोन तुकड्या. चांगला होता.

त्या वेळी सांगता आलं असतं. काका दाराशी उभे होते, एक वाक्य पुरलं असतं. मी मनात म्हटलं, लहान आहे, विसरेल. पुढच्या हिवाळ्यात ती हॉलमध्ये आली नाही. मी सरांना नोकरीचं कारण सांगितलं आणि मीही गेले नाही. नोकरी खरंच लागली होती, तेवढं तरी खरं. पण ऑफिसात फाइल चाळताना, भाजी निवडताना, कधीही, मला तो आवाज ऐकू यायचा. तिचा नाही. माझाच. सर, हर्षाली घाबरली. इतका मोठा, इतका स्पष्ट. मला आजही कळत नाही की एवढा आवाज माझ्यात होता कुठं.

इथंच संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंच नसतं. तुम्ही म्हणाला असता, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, घाबरली, चुकली. मीही तसंच म्हणत आले असते.

पण सहा-सात वर्षांनी हर्षाली माझ्या घरी आली.

दुपार होती, सुट्टीचा दिवस. दार उघडलं तर एक उंच मुलगी, खांद्याला कॉलेजची सॅक. मी ओळखलं नाही. ती हसली आणि म्हणाली, "सोळाशे शेचाळीस." मग ओळखलं. मी तिला आत बोलावलं.

ती पाणी प्यायली, आईशी बोलली. बोलणं आता बरंचसं आमच्यासारखं झालं होतं, मध्येच तिच्या घरचा सूर यायचा. कॉलेजमध्ये खेळात पुढे होती. धावण्यात तालुक्यात नाव. मग तिनं सॅकमधून एक फॉर्म काढला. कॉलेजकडून दोन मुलींना हिमालयात गिर्यारोहणाच्या शिबिराला पाठवणार होते, मनालीच्या बाजूला, महिनाभर. कॉलेजच्या सरांनी स्वतःहून तिचं नाव घातलं होतं. फक्त तिची सही राहिली होती.

"पप्पा बोलले, जा. आई पण बोलली," ती म्हणाली. "मीच अडकलेय. सर बोलतात तू करशील. पण सरांनी मला तिथं बघितलं नाय ना, ताई. तुमी बघितलंत. तेव्हा पण मी आदल्या मिनिटापर्यंत अशी मस्त होते, आणि एकदम हातपायच गेले. तिकडं बर्फावर तसं झालं तर? दुसऱ्यांना पण घेऊन पडायची मी." मग फॉर्मवर बोट फिरवत म्हणाली, "म्हणून म्हटलं तुमालाच विचारते. तुमाला माझं खरं माहिताय. जाऊ का मी?"

तुमाला माझं खरं माहिताय.

आई आत चहा टाकत होती. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मला आठवतं मी त्या किक मोजल्या. अकरा. तेवढा वेळ मला मिळाला होता. तेवढ्यात म्हणायचं होतं—तू घाबरली नव्हतीस. मी घाबरले होते. मी तुला घाबरवलं. जा.

चार छोटी वाक्यं. मी ती तोंडात जुळवली होती, खरंच. मग मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जे होतं, ते दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कधी नव्हतं. ना तेव्हा, ना त्यानंतर. आणि ते जाईल, आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत—एवढं एकच मला दिसत होतं.

मी म्हणाले, "तिकडचे डोंगर फार वेगळे असतात गं. थंडीनं हात बधिर होतात म्हणे. आणि परत तसं झालं—तर तिथं बरोबर कोण असणार?"

पुन्हा प्रश्न. तोच मऊ आवाज. या वेळी तर शिडीही नव्हती. मी माझ्या घरात, सोफ्यावर बसले होते. मला कसलीही भीती नव्हती—फक्त तिच्या डोळ्यांतून उतरण्याची.

 तिनं फॉर्मची घडी केली, मग त्या घडीची घडी. "हां," ती म्हणाली. "मला पण तेच वाटत होतं." चहा प्यायली. आईला 'येते काकू' म्हणाली. चपला घालताना वळली, आणि मोकळं हसून म्हणाली, "बरं झालं तुमाला विचारलं, ताई. दुसरं कोण खरं बोलत नाय."

तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. हर्षाली पुढे पदवीधर झाली, उरणला एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात लागली. सणावाराला तिचा मेसेज येतो. मध्ये एकदा तिनं लिहिलं होतं की यार्डात कंटेनर तपासायला वर चढावं लागतं, ते काम तिनं दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलंय, कारण तिला उंची सोसत नाही. पुढे हसणारा चेहरा टाकला होता. मी पण एक हसणारा चेहरा पाठवला.

मी तेव्हा लहान नव्हते. मला कुणी भाग पाडलं नाही. मला माहीत होतं मी काय करतेय—दोन्ही वेळा—आणि दुसऱ्या वेळी जास्त माहीत होतं.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. परवाच तिनं विचारलं, कशा आहात ताई. मी लिहिलं, मजेत. आणि मग बसून हे सगळं तुम्हाला लिहिलं, तिला नाही.